उजवा अंगठा

रिमोटच्या मेमरीत अजून तिघं आहेत.
एक, विमान. दोन, पाण्यावर उतरणारं विमान. तीन, होडी.
बटण दाबलं की तो एकदा, दोनदा, तीनदा पिपाणी वाजवतो.

पहिलं बाल्साचं. लोहार चाळीतून आणलेली मोटर,
पंखांवरची पिवळी फिल्म मृणालच्या इस्त्रीने ताणलेली.
महिनाभर माझ्या ऑफिसच्या शर्टांना
कॉलरपाशी थोडा थोडा पंख लागलेला असायचा.
भांडुपच्या मिठागरांच्या कडेला, रविवारी,
ऊन तापायच्या आत.
पेणकर म्हणायचा, जाताना काही नाही रे, येताना बघ.
येताना ते तुझ्याकडे तोंड करून येतं,
त्याचं डावं तुझं उजवं होतं,
आणि हात घाबरून नेहमीचंच करतो.
मी तीन विमानं अशी, परत येता येता,
चिखलात घातली.

मग एक हवालदार आला. भला माणूस.
आधी दोन फेऱ्या बघितल्या, टोपी मागे सरकवून,
मग म्हणाला, साहेब, वरून मोठी जातात,
तुम्ही हे बंद करा.
आम्ही वर बघितलं.
खरंच एक उतरत होतं, चाकं काढून,
आमच्यासारखंच जरा डावीकडे कलत.

पेणकरचा युक्तिवाद तयार होता:
तरंगतं ते होडीच. होडीने मधूनच उडी मारली
तर तो होडीचा स्वभाव.
थर्मोकोलच्या दोन तराफ्या तासल्या,
कधीकाळच्या मखराचा सोनेरी कागद
एका कोपऱ्याला तसाच राहिला,
आणि पवईच्या तलावावर आम्ही अपराध्यासारखे उभे.
ते धावलं. धावलं. धावतच राहिलं.
पाणी सोडेना.
घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं,
तराफ्याच्या पोटाला मधोमध एक पायरी लागते,
पाण्याला हात सोडायला जागा लागते.
पायरी कापली, किचनच्या सुरीने.
पुढच्या रविवारी अकरा सेकंद.
पेणकरने मोजले. मी फक्त बघत होतो,
म्हणून तर ते जलपर्णीत गेलं.

तिथे मगर आहे असं सगळे सांगतात.
आत कोण जाणार?
काठावर ऑस्कर डाबरे गळ टाकून बसले होते,
सकाळपासून एकही मासा नाही, चेहऱ्यावर तक्रार नाही.
काही न विचारता उठले.
तिसऱ्या फेकीला गळ पंखात रुतला
आणि माझं विमान शेपटीकडून, हिरव्या मुळ्या लेवून,
घासाघिशीने घरी आलं.
डाबरे म्हणाले, वजन नाही हो याला काही,
आणि गळ पुसून पुन्हा टाकला.

होडी बांधली ती पुढच्या वेळी विमान ओढून आणायला,
एवढ्याचसाठी.
पुढची वेळ आली नाही. पेणकर कर्जतला राहायला गेला,
तिकडे त्याला माळ मिळाला, आभाळही मिळालं.
व्हिडिओ पाठवतो.
त्यात विमान कमी, त्याचा श्वास जास्त.
मी म्हणतो, छान. खरंच छान असतं.

मी आता संध्याकाळी होडी घेऊन जातो.
एकदा मेमरी बदलायची राहिली, नंबर दोनवरच सोडली,
तर ती डावीकडे सांगितलं की उजवीकडे निघाली,
बदकांच्या अंगावर.
बदकं काही बोलली नाहीत. मीच सॉरी म्हणालो.

डाव्या अंगठ्याला काम आहे:
वेग आणि सुकाणू.
सुकाणू तिघांनाही होतं, तेवढंच तसंच राहिलंय.
होडी वळून माझ्याकडे तोंड करते
तेव्हा डावं उजवं अजून होतं,
पण ती इतकी सावकाश येते
की चूक अर्ध्यात ओळखू येते.

उजवा अंगठा रिकामा.
तरी होडी नीट सुटली, पाणी दोन्ही बाजूंना उघडलं
की तो आपला आपण ती काठी मागे ओढतो,
नाक वर घ्यायला.
होडीत त्या चॅनेलला काहीच जोडलेलं नाही.
दिवा हिरवा असतो. सिग्नल जात असतो.