एकाहत्तरचं पूर्णा

कवळ्यांच्या साच्यातून उरलेलं प्लास्टर
दोन नंबरच्या फलाटाला गेलं.
तेलाच्या डब्याचं लोको शेड झालं,
छत्रीच्या काड्यांचे सिग्नल,
सायकलच्या स्पोकवर पाण्याची सोंड.
इथवर सोपं होतं.

अडचण सुरू झाली साल ठरवल्यावर.
एकाहत्तर. अलीकडचं नको, पलीकडचं नको.
मग साडूनं हैदराबादेहून हौसेनं आणलेलं
लाल-पिवळं डिझेल इंजिन कपाटात गेलं,
साडू अजून रुसलेला आहे.
कडुनिंब फार उंच झाला, छाटला.
पुतणीनं फलाटावर तिची शेळी ठेवली, तेवढी राहू दिली.
शेळी कुठल्याही सालात चालते.

विचारायला आता दोघंच उरलेत.
गैबीनाथ शिंपले, फायरमन, कमरेत वाकलेले,
म्हणतात टेंडरवरची अक्षरं पांढरी.
इनायतुल्ला चाचा, पॉइंट्समन,
म्हणतात पिली. हल्दी सरीखी पिली.
दोघांच्या कवळ्या मीच केलेल्या,
त्याच कवळ्यांनी दोघं माझ्यावर दात खातात.
मी एका अंगाला पांढरी रंगवली, दुसऱ्या अंगाला पिवळी,
आणि जिना कोण चढतंय ते ऐकून
इंजिन फिरवून ठेवतो.

पुण्याचा दुकानदार फोनवर हसला.
मीटरगेज? छोटी लाईन कोण बनवतं आता?
नाही म्हणा की, हसता कशाला, म्हटलं.
मग पितळी पट्ट्या तासत बसलो,
बारा मिलिमीटर, ना कमी ना जास्त,
आणि तरी अकोल्याकडच्या वळणावर
इंजिन रोज मान टाकतं.
खालून बायको विचारते,
आलं का अकोला?
अजून पूर्णाच सुटली नाही, बाई.

पण एकदा नांदेडात, एका गिऱ्हाइकाच्या घरी
भिंतीवर लग्नाचा फोटो होता.
वऱ्हाड स्टेशनात उतरलेलं, सगळे उन्हानं डोळे बारीक केलेले,
आणि नवरदेवाच्या फेट्यामागं
दिव्याचा खांब! चौकोनी काच, वर पत्र्याची टोपी!
दाताचं माप घ्यायचं राहिलं.
त्या लग्नाला आजवर कुणी
एवढं निरखून पाहिलं नसेल.

आणि एकदा, रात्री अकरा वाजता,
उदबत्तीचा तुकडा चिमणीत खोचून करंट सोडला
तर इंजिन हललं ते थांबेचना.
सांध्यावर खट्, सांध्यावर खट्,
वळण आलं, गेलं,
मी टेबलाखाली बसून राहिलो,
उगीच वरून बघितलं तर पडेल म्हणून.
सात फेऱ्या झाल्या. आठव्याला दिवे गेले.

चाचा परवा एकटेच आले.
टेबलाला हनुवटी टेकवून पाहत राहिले
केबिन, काटे, शेडचं काळं तोंड.
मग म्हणाले,
सब है. मैं किधर है?
एकाहत्तर में ड्यूटी पे था ना मैं.

त्यांना केलं. दोन सेंटिमीटरचे,
हिरड्यांच्या गुलाबी ॲक्रिलिकचे,
त्यावर खाकी रंग, पण मानेजवळ गुलाबी दिसतंच.
कंदील डाव्या हाती दे म्हणाले, उजवा काट्याला लागतो.
दिला. चष्म्याआडून बराच वेळ बघितला.
नंतर शेपटाच्या डब्यावर बोट ठेवलं.
इसकी लाल बत्ती किधर है?
बत्ती नै तो गाड़ी पूरी नै आयी समझते.
पीछे कितने डब्बे छूटे, किसकू मालूम.
गाड़ी नक्को छोड़.

आणि जिना उतरून गेले,
एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत.

गाडी दोन दिवस उभी आहे.
शिंपले आले तरी पिवळी बाजूच समोर,
फिरवायची आठवण राहिली नाही.
बायकोच्या जुन्या पोतीत पोवळ्याचा एक मणी आहे,
राईएवढा, लाल.
मागायला जिना अर्धा उतरलो
आणि तिथंच थांबलोय,
कारण ती आधी विचारणार,
आलं का अकोला?