अकरा शर्ट

सारमानसच्या फेरीधक्क्यामागे बसून
एकाच शर्टाचे अकरा शर्ट शिवले मी.
निळी चौकडी, डाव्या खिशावर माड.
कॉलर म्हातारी हवी, असं सांगितलेलं;
म्हणून डिचोलीच्या बाजारातलं कोरं कापड
विटेच्या तुकड्यानं घासघासून
चार दिवसांत वीस वर्षांचं केलं.

पहिला कोरा. तिसरा खांद्याशी उसवलेला.
पाचव्याला गोळीचं भोक, उदबत्तीनं पाडलेलं.
आठव्यावर रक्त, आमच्याच परसातल्या भिरंडांचं.
अकरावा म्हणजे नुसत्या चिंध्या,
पण कुठून कुठवर फाटायचं
ते वहीत इंचाइंचानं लिहून दिलेलं.

डेन्मार्क मी मुलीच्या भूगोलात पाहिला,
करंगळीच्या नखाएवढा.
त्या नखातून सव्वीस माणसं आली,
दारातून वाकून आत येणारी,
फोडणीच्या वासानं दिवसभर शिंकणारी.
आस्गेर दिग्दर्शक. विनोदी सिनेमा,
पण त्याला हसताना कुणी पाहिलं नाही.
बिर्गिट मारामारीची मास्तरीण:
माणसानं कसं पडावं ते शिकवायची.
आमच्या गावात आजवर
कुणाला शिकवावं लागलं नव्हतं.

हिरो प्रेबेन, सात जणांना एकटा लोळवणारा,
पाण्याला भ्यायचा.
म्हणून पुरसो तारी, फेरीचा दोर सांभाळणारा:
डोक्यावर पिवळा टोप, हातापायांना पिठासारखा रंग,
अंगात चौथा शर्ट,
गंजक्या बार्जवरून थेट मांडवीत.
चौदा वेळा.
चौथा शर्ट एकच. दर उडीनंतर
मी तो इस्त्रीखाली वाळवायची,
आणि पुरसो टॉवेलात कुडकुडत म्हणायचा,
बाय, माझ्यापेक्षा शर्टाला मान गो!

आस्गेर सारखा म्हणायचा, टाक!
त्यांच्यात म्हणजे आभार.
पहिल्याच दिवशी म्हणाला आणि बाबुसोनं
हातात होती ती पेटी टाकली. पाण्यात.
पेटीत खोटे पैसे.
भरतीनं ते पार वळवईपर्यंत नेले,
दोन दिवस तिकडच्या जाळ्यांत
मासळीऐवजी नोटा.
गोष्टीत हे नव्हतंच.
आता सिनेमात लोक सगळ्यात जास्त हसतात ते इथेच.

शेवटच्या संध्याकाळी त्रोल्स, आवाज धरणारा,
म्हणाला: एक मिनिट कुणी हलू नका.
जागेचा आवाज हवाय. नुसत्या जागेचा.
फेरी बंद. जनरेटर बंद.
फिलोमेनानं कढईखालचा गॅससुद्धा.
मग ऐकू आलं:
बार्जच्या पत्र्याला पाणी चाटतंय,
पलीकडच्या तीरावर कुणी कुत्र्याला हाक मारतंय,
आणि पुरसोचे दात.
खाण बंद पडल्यापासून
ह्याच शांततेला आम्ही शिव्या घालत आलो.
त्रोल्स मात्र डोळे मिटून, दोन्ही कान धरून उभा,
देवापुढे धरतात तसे.

पणजीत सिनेमा दाखवला.
शर्टाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही,
म्हणजे काम बरं झालं होतं.
प्रेबेन बायकोची माफी मागतो तो प्रसंग
म्हणे तिकडे कोपनहेगनला, बंद खोलीत केलेला.
पण त्याच्या वाक्यांखाली
आमची ती शांतता अंथरली होती, अस्तरासारखी.
मी ओळखली. दातांवरून.

मग नावं. खुर्च्या आपटल्या, लोक उठले,
मी कुणाकुणाच्या खांद्यांवरून वाचत राहिले.
पुरसो तारीचा पुरसो तरी झालेला.
बाबुसो कुठेच नाही.
मी होते, पण कपड्यांत नाही; जेवणखाण्यात,
फिलोमेनाच्या खाली.
ती म्हणाली, असू दे गो,
मीही तुझी बटणं लावलीच की दोन.

सगळ्यांच्या शेवटी, काळ्यावर पांढरा, एकच शब्द.
इंग्रजी अक्षरांत काना दिसत नाही.
मी टाका वाचला.

चिंध्यांचा अकरावा त्यांनी मोठ्या प्रेमानं नेला.
चौथा माझ्याकडे राहिला.
पुरसो मागतोय, माडावर चढताना घालायला.
देईन.
काखेत उसवलाय, तेवढं शिवते.