किल्ली माझ्याकडे होती

चोपडा-यावल रस्त्याला, केळीच्या दोन बागांमधे
आमचा आश्रम. सव्वीस खाटा.
मार्चअखेरीस मी फाटकाला कुलूप घातलं, अलिगढी,
आणि फळ्यावर खडूनं लिहिलं : भेट बंद.
दुसऱ्या दिवशी वरच्या कोपऱ्यात ‘कृपया’ कोंबलं.

सातला दूधवाला यायचा. त्याला छोटं दार.
आठला नजमा तडवी,
गावातल्या दवाखान्यात रात्रभर फरशी पुसून,
कारण आम्ही तिला साडेचार हजार द्यायचो
आणि साडेचार हजारात महिना विसाव्या तारखेलाच संपतो.
मला माहीत होतं.
रजिस्टरात त्याचा रकाना नव्हता.

सहा फुटांवरून कुणाची पाठ पुसता येत नाही.
सुपडूनानांना कुशीवर वळवायचं म्हणजे चार हात,
आणि तोंड तोंडाशी येतंच.
खोकला आला की ते नजमाचा खांदा धरायचे,
झोक्याची दोरी धरावी तसा.

बाहेर चौकात आडवे बांबू, पोलीस,
बाजार बंद, एसटी बंद,
वखारीत कापूस पडून, पोरं घरात कोंडलेली.
म्हाताऱ्यांसाठी एवढं सोसा, असं गाडीवरचा भोंगा सांगत फिरायचा.
म्हातारे ऐकायचे खिडकीतून.
आमच्याकडे मास्क आले पंधरवड्यानं,
बाईमागे एक. धुऊन वाळवून वापरा म्हणाले.

आखाजीला ऊन पंचेचाळीसवर.
द्वारकाबाई पहाटेच आंघोळ करून बसलेल्या, कोरं लुगडं.
‘मनी पोर उनी का?’
दर तासाला एकदा. मग दर पाच मिनिटांनी.
पोर आली होती. साठीला टेकलेली पोर,
पारोळ्याहून नवऱ्याच्या मोटरसायकलवर,
तीन ठिकाणी पोलिसांच्या हातापाया पडून.
फाटकाच्या गजातून तिनं डबा दिला. सांजोऱ्या.
मी डब्यावर सॅनिटायझर मारला.
फोनवर आईचं तोंड दाखवलं.
द्वारकाबाई फोन उलटा करून मागं बघत राहिल्या,
लेक तिकडे असेल म्हणून.

किल्ली माझ्या खिशात होती.
मी नियम सांगितला. नीटच सांगितला.

त्या रात्रीपासून त्यांनी ताट सारलं.
अकराव्या दिवशी गेल्या.
रिपोर्ट निगेटिव्ह.
डॉक्टरांनी कारण लिहिलं : वार्धक्य.

जूनमध्ये तो आलाच. सुपडूनाना, मग निंबाजी,
मग दोघी बहिणी एका आठवड्यात.
नजमाही आडवी झाली. वाचली.
परत आली तेव्हा फाटकातच उभी,
‘साहेब, मीच आणला ना?’
मी म्हटलं, आत ये. आधी जेव.
याहून खरं उत्तर मला सापडलं नाही.

मग कुठे आम्ही केलं ते.
धान्याच्या खोलीत तीन खाटा टाकल्या,
तिघी बाया आतच राहिल्या, पंधरा-पंधरा दिवस, पगार दुप्पट.
पैसे ट्रस्टींनी काढले, जे एप्रिलमध्ये नव्हते.
कडुनिंबाखाली, खिडकीच्या जाळीबाहेर, एक खुर्ची.
ज्याला यायचं त्यानं यावं, बसावं,
ओरडून बोलावं लागलं तर ओरडावं.
पावसाळाभर एकही गेलं नाही.

कुलूप लावलं ते चुकलं, असं मी म्हणत नाही.
न लावतो तर आणखी किती, कोण सांगणार?
पण कुलपाला फक्त बंद राहता येतं.
पाठ पुसता येत नाही त्याला, पगार वाढवता येत नाही.
मी त्याच्यावर फार सोपवलं.

डबा अजून कपाटात आहे.
त्या रात्री उघडला तेव्हा सांजोऱ्यांना मुंग्या लागल्या होत्या.
घासून ठेवला. बुडाशी नाव कोरलंय,
‘शोभास, आईकडून, १९८४.’
पारोळा काही लांब नाही, एसटीही सुरू झाली कधीची.
पण आपल्यात रिकामा डबा परत देत नाहीत,
आणि काय भरावं
माझं ठरत नाही.