उसना दहा

पहिले तीन शनिवार आम्ही फक्त भाजीपाव खाल्ला.
मोर्ल्याच्या शाळेचा व्हरांडा, पाच शाळांचे सहा शिक्षक,
आणि प्रत्येकाच्या वर्गात, ऐकून घ्या,
सगळी मुलं हुशार.
परिपत्रकात लिहिलं होतं, एकत्र बसावे.
बसलो.

चौथ्या शनिवारी कुष्टा गावकरांनी
पिशवीतली तांबडी भाजी बाजूला ठेवली
आणि तळातून वह्या काढल्या.
"निवृत्तीक चवदा म्हयने उरले. आतां कोणाक लजूं?
हे बघा. बेचाळीसातून सतरा गेले,
आणि माझ्या अकरा जणांपैकी आठांकडे
पस्तीस उरले."

कोणी हसलं नाही.
नेहल शेटकरने तिच्या वह्या उघडल्या. पस्तीस.
उल्का माजिकने उघडल्या. पस्तीस, पस्तीस, एक एकोणसाठ, पस्तीस.
माझा गठ्ठा मी मांडीखाली सारला होता,
तो वर घेतला.
बावीस वर्षं ज्याच्यावर लाल फुली मारली
तो पस्तीस केरीतही राहत होता, हिवऱ्यातही, ठाण्यातही,
आणि आम्ही प्रत्येकजण समजत होतो
की तो आपल्याच घरचा दोष.

वर दोन, खाली सात.
मुलं गुपचूप सातातूनच दोन काढतात.
एवढं कळलं. पण का?
चहा निवला.
"त्यांनाच विचारूया ना," नेहल म्हणाली.
सव्वीस वर्षांची, अजून कंत्राटी.

सोमवारी मी करिष्मा वरकला जवळ बसवलं.
धनगरवाड्यावरून येते, पाऊण तास चालत,
चपला हातात घेऊन ओहोळ ओलांडते.
"दोनातून सात जात नाहीत, मग काय करायचं?"
"शेजारच्या चाराकडून एक दहा उसना घ्यायचा."
पाठ होतं. माझ्याच सुरात.
"मग घेतला का नाहीस?"
ती पेन्सिलीचं टोक बघत राहिली.
"आय म्हणते, शेजाऱ्यांकडे मागायचं नाही.
मीठसुद्धा नाही."
आणि जरा थांबून:
"बाई, तो दहा परत कधी करायचा?"

पाचव्या शनिवारी हा प्रश्न
मी व्हरांड्यात जसाच्या तसा ठेवला.
कुष्टा सरांनी चष्मा काढून पुसला, मग परत पुसला.
सदतीस वर्षं. किती दहा उसने घ्यायला लावले असतील,
फेडायला एकही नाही.

उल्का म्हणाली, शब्दच बदलूया.
उसना नको. मोड.
चार दहाच्या नोटा, दोन सुटे रुपये,
बसमध्ये कंडक्टरला सतरा द्यायचेत.
एक नोट मोड.
कोणापुढे हात पसरायचा नाही,
आपलेच पैसे, नुसते सुटे.

मग आम्ही एकमेकांच्या वर्गांत जाऊन
मागच्या बाकांवर बसलो, गुडघे पोटाशी घेऊन.
सांगते खरं, हेच सगळ्यात अवघड गेलं.
उल्का मागे बसली होती तेव्हा
माझा खडू दोनदा तुटला,
आणि मुलांना वाटलं तो धड्याचाच भाग.

कुष्टा सरांच्या आठांचे तीन झाले.
ते तीन अजून आहेत.
एकाला नाण्यांचे मनोरेच रचायचेत.
एक पस्तीसच लिहितो, आता ठाम अक्षरात.
तिसऱ्याला फळाच धड दिसत नव्हता,
हे मागे बसलेल्या नेहलला दिसलं,
पुढे उभ्या असलेल्या सरांना जूनपासून नाही.

करिष्माने पंचवीस लिहिले.
मान वर न करता पान उलटलं.
तिच्या प्रश्नाला मी अजून
काहीच उत्तर दिलेलं नाही.

पुढच्या शनिवारी भागाकार.
भाजीपाव मी नेणार आहे.