पाचवं बोट

न्हा फिलिस्मिना आली तेव्हा मिंदेलोवर
सहारातली धूळ तरंगत होती,
बंदरातल्या बोटी अर्ध्याच दिसत होत्या.
रुमालात बिस्किटांचा डबा, डब्यात तो:
सव्वीस वर्षांचा, रॉटरडॅममध्ये,
बोटीवरचा पहिला पगार उधळून शिवलेल्या कोटात.
फोटोची उजवी कड कात्रीनं कापलेली.
“याच्याशेजारी मला बसव,” म्हणाली.
“चिनी मातीच्या तबकडीवर हवंय, थडग्यासाठी.
त्याचं तिकडे झालं. माझं इथे व्हायचंय.”

मी तिला खिडकीपाशी बसवून फोटो काढला.
चौऱ्याहत्तर वर्षं. डाव्या गालावर तीळ.

दोन थर. खाली तो, वर ती.
वरच्या थराला मास्क लावला, ब्रश घेतला.
काळा फिरवला की ती लपते,
पांढरा फिरवला की परत येते,
करड्यानं धड इकडची ना तिकडची.
खोडलं काहीच जात नाही, मी तिला सांगितलं,
यात होत्याचं नव्हतं होत नाही,
चुकलं तर पांढरा घ्यायचा.
“आमच्या वेळी नव्हता हा पांढरा,” म्हणाली
आणि पुढे तासभर गप्प.

पांढऱ्या केसांची कड सगळ्यात चिवट.
एकेक केस सोडवत
तिला तिकडच्या ढगाळ भिंतीवर आणली,
तर उजेड जुळेना.
त्याच्यावर डावीकडून, तिच्यावर उजवीकडून,
एका चौकटीत दोन सूर्य.
म्हणून मी त्याला उलटा केला, आरशातल्यासारखा.

“हा कोण?”
तिची खुर्ची करकरली.
“त्याचा भांग डावीकडे. मी पाडायचे.
मला उलटं कर.
माझा तीळ कुठल्या गालावर
हे सांगणारं आता कोण उरलंय?”

तिला उलटी केली. सावल्या एका दिशेला पडल्या.

मग मोठं करून पाहताना दिसला
त्याच्या खांद्यावर एक हात.
कात्री कोटाला जपत गेली होती,
हात राहून गेला होता. चार बोटं, नखांना रंग.
मी काही बोललो नाही.
दुसऱ्या खांद्यावरून थोडं कापड उसनं घेतलं,
वर चढवलं, कडा मऊ केल्या.
“थांब,” ती म्हणाली.

“डबा तिनंच पाठवलाय.
शेवटचं दुखणं तिनं काढलं त्याचं.
स्वतःला कापून मग पाठवलाय फोटो.
हात कापायचा
तर त्याचा खांदा गेला असता ना.”

बाहेर कुणीतरी पाण्याचे कॅन उतरवत होतं,
एक, दोन, तीन, आम्ही दोघं ऐकत राहिलो.

मग ती उठली, रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर
हात ठेवला, जसा माणसावर ठेवतात.
“याचा काढ. तिच्या हातावर ठेव.”

तिसरा थर.
उसनं कापड मी लपवलं, तो हात परत आला,
त्यावर हा बसवला: मासळी कापणारा, जाड, शिरांचा.
नीट झाकला गेला. फक्त करंगळीपाशी
खालचं एक बोट बाहेर राहिलं, रंगीत नखासकट.
मी काळा घेतला.
तिनं माझं मनगट धरलं. जोर होता अजून.

खांद्यावर ठेवलेल्या हाताची
समोरून चारच बोटं दिसतात, अंगठा मागे जातो.
तबकडी भट्टीतून आली, अजून ऊन होती,
मी भिंगाखाली धरून मोजली.
पाच.