लहान चेहऱ्याच्या नोटा

रोसारिओतली घरं या खोलीत विकली जातात.
बँकेचं तळघर, खिडकी नाही.
एक टेबल, सहा खुर्च्या, नोटा मोजायचं यंत्र
आणि मी, नोटरीचा कारकून,
अंगठ्याशी ओला स्पंज ठेवून.

आमच्याकडे भाजी पेसोत, भाडं पेसोत,
घर मात्र डॉलरात, तेही रोख.
पेसो सकाळी एक असतो, संध्याकाळी दुसरा;
त्याच्या भरवशावर कुणी भिंत विकत नाही.

आज एचेसोर्तूमधलं घर.
दोन खोल्या, मागे अंगण, लिंबाचं झाड,
गच्चीवर पाण्याची टाकी. टाकीला तडा आहे,
हे दलालाने नाही, बाईंनीच सांगितलं,
विसार हातात घेण्याआधी.
विकणार: ओफेलिया ब्रुनेत्ती, वय एक्क्याऐंशी.
घेणार: दामियान शेफर, बस डेपोतला मेकॅनिक,
आणि यानिना, जी लोकांचे केस कापते.

दामियान शर्टाची बटणं काढतो.
पोटाला पट्टा, पट्ट्यात गठ्ठे.
नोटांना वास असतो, हे या कामात पहिलं कळतं:
डांबरगोळ्यांचा, पिठाच्या डब्याचा,
गादीतल्या कापसाचा.
या नोटांना ओल्या मातीचा.
"वडिलांनी खुराड्याखाली पुरल्या होत्या.
सरकारं आली, गेली,
कोंबड्या हलल्या नाहीत."

यंत्र फरफरतं. थांबतं.
पुन्हा फरफरतं. थांबतं.
लहान चेहऱ्याच्या आहेत काही.
नोटेवरचा माणूस आधी लहान छापायचे, मग मोठा छापू लागले.
शंभर म्हणजे शंभरच,
पण आमच्या शहरात लहान तोंडाला पुरती किंमत नाही.
शेकड्यामागे पाच कापतात, कधी सात.
बावीस नोटा. मी बाजूला काढतो.
दलाल घसा खाकरतो: "बाई, तुम्ही नाही म्हणू शकता."
दामियानची मान लाल.
यानिना टेबलाखाली बोटं मोजते.
तो हिशेब मला पाठ आहे: रंग नको,
गॅसची जोडणी पुढच्या वर्षी.

ओफेलियाबाई चष्मा चढवतात.
एक नोट उचलतात, दिव्याकडे नाही,
नाकाशी नेतात.
"मी घर घेतलं तेव्हा सगळे असेच होते,
एवढ्याएवढ्या तोंडाचे.
याच तोंडांना घेतलं, याच तोंडांना देते."
आणि दलालाकडे न पाहता:
"शिवाय टाकीला तडा आहे. फिट्टंफाट."

सह्या. शिक्के. किल्ल्या सात, सुतळीत ओवलेल्या.
ही फाटकाची. ही गच्चीची.
ही जरा उचलून फिरवायची, नाहीतर रुसते.
आणि ही?
"कशाचीच नाही. चाळीस वर्षं शोधतेय.
आता तुम्ही शोधा."

मग ती वेळ येते जिच्यासाठी खरेदीखतात कलम नाही.
मोजून झालेलं असतं आणि कुणी उठत नाही.
म्हातारीच्या पायाशी बाजाराची पिशवी,
वर पालकाची जुडी, कुणाला शंका नको म्हणून.
पालकाखाली दोन खोल्या, अंगण, लिंबाचं झाड.

"टॅक्सीपर्यंत येतो," दामियान म्हणतो.
गेल्या आठवड्यापर्यंत तीन हजारांवरून
दोघं एकमेकांचं तोंड पाहत नव्हते.
आता तो रस्त्याच्या बाजूने चालतो, ती भिंतीच्या,
कालपर्यंत आपल्या असलेल्या पैशांना
राखण देत.

मी स्पंज पिळतो, यंत्रावर झाकण घालतो.
अकरा वर्षांत किती घरं या अंगठ्याखालून गेली,
मोजली नाहीत; मोजायचे पैसे असतात, घरं नाही.
मी भाड्याने राहतो, तिसऱ्या मजल्यावर,
दर चार महिन्यांनी मालक जिना चढून येतो
आणि दम लागल्याचं नाटक करत नवा आकडा सांगतो.

संध्याकाळी बसमध्ये शेजारच्या बाईने नाक मुरडलं.
मी हात खिशात घातला.
कोंबड्यांचा वास होता,
दुसरं काय.