कागद व्हता का त्यामा

सुरतहून येताना रोशनीने पर्समधून आणलं होतं एक,
चिनी हॉटेलात बिलासोबत मिळालेलं.
बशीत ठेवलं तर वाटलं,
करंजी करायला घेतली आणि मधेच कोणी हाक मारली.
आत इंग्रजी चिठ्ठी : तुला प्रवास घडेल.
घडलाच होता. भुसावळ पॅसेंजर, नंदुरबारपर्यंत उभ्याने.

ह्या महिन्याची भिशी माझ्याकडे.
म्हटलं, पोहे पुरे झाले. हेच करू.

अंडं चालणार नाही, अकरांतल्या चौघी शाकाहारी,
एक तर कांदाही न खाणारी.
म्हणून दूध, पिठीसाखर, मैदा, चमचाभर कॉर्नफ्लोअर, पातळ तूप.
व्हॅनिला अमळनेरात मिळतो, पण मी वेलदोडा घातला.
ओव्हन नाही. तवा आहे.
पळीभर पीठ, बशीएवढं, कड तांबूस होईस्तोवर.
मग दहा सेकंद.
त्यात उचलायची, चिठ्ठी ठेवायची, दुमडायची,
पितळी पेल्याच्या काठावर मधोमध वाकवायची.
अकराव्याला ती कोणाचं ऐकत नाही.

पहिली फाटली. दुसरी झोपलेल्या कानासारखी.
चौथीपासून बोटांनी तक्रार सोडली.
आई कोपरापर्यंत मांडा झुलवून खापरावर टाकायची,
मला वाटायचं, तिला भाजतच नाही.
भाजतं. सांगायला वेळ नसतो.

चिठ्ठ्या पेन्सिलीने, शाई तुपात पसरते.
कागद भाच्याच्या प्रेसमधला, लग्नपत्रिकांच्या कापलेल्या कडा,
एकीवर गणपतीची नुसती सोंड.
मोठं भविष्य मला जमत नाही. लिहिलं :
मंगळवारी नळ येईल, हंडे घासून ठेव.
गुडघा दुखेल, पण एवढाच.
जावेचा फोन येईल. उचल.
हरवलेलं जोडवं माठाच्या तिवईखाली बघ.
अशा दहा. अकरावीला
पेन्सिल केवळबाईपाशी अडली.

तिचा भरत सुरतेला, लूमवर.
दिवाळीला येणार म्हणते. तीन दिवाळ्या झाल्या.
रोशनीने त्याला उधन्यात पाहिलं, भाजी घेताना,
कडेवर दोन वर्षांची पोरगी, त्याची कॉलर चावणारी,
शेजारी बायको.
गल्लीत सगळ्यांना ठाऊक, केवळबाई सोडून.
मी लिहिलं : आज तुला कोणीतरी खरं सांगेल.
आणि दुमडून बाकीच्यांत मिसळून टाकली,
जाईल तिच्याकडे जाईल. माझ्या हातून सुटलं.

चारला आल्या सगळ्या, पंचेचाळीस डिग्रीत.
अमळनेरच्या मे महिन्यात कुरकुरीत राहायला कसब लागत नाही.
हिरकणबाईला नळ निघाला. नगरपालिकेत नेऊन दाखवते म्हणाली.
जोडवं निघालं कल्पना मॅडमना, ज्यांनी लग्नच केलं नाही.
त्या म्हणाल्या, तिवईखाली बघते तरी.
शोभनाने फोनवाली वाचली, कोणाला दाखवली नाही,
ब्लाऊजमध्ये ठेवली.
मी मोजत होते. दहा.

केवळबाईचं तोंड चालूच.
तुम्हाला काय निघालं हो?
"कागद व्हता का त्यामा? माले वाटनं खोबरं शे."
हशात पंख्याचा आवाज बुडाला.
तीही हसली, पदराने तोंड पुसत,
पोटात माझं वाक्य.

सगळ्या गेल्या. ती मागे राहिली, बश्या गोळा करायला.
"काय लिखेल व्हतं वं?"
आठवत नाही, मी म्हटलं.
तिने माझ्याकडे पाहिलं, मग पातेल्यात.
पीठ उरलं होतं, एकीपुरतं.
मी गॅस लावला, कागदाची कड शोधू लागले.
"आते कागद नको टाकू," ती म्हणाली. "तोंडे सांग."

कड तांबूस झाली. मी उचलली.
दहा सेकंद हातात धरून उभी राहिले,
मग आणखी दहा.
ती सपाटच कडक झाली, बशीसारखी.

केवळबाईने माझ्या हातातून घेतली,
मोडली, अर्धी मला दिली,
आणि आपल्या अर्धीकडे बघत विचारलं,
"पोर कोनासारखी दिखस?"